मीठ, मूत्रपिंड आणि परसबाग
उच्च रक्तदाबावर मूत्रल वनस्पतिजन्य आहाराचा उपयोग व त्याच्या मर्यादा

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या राज्यातील कोणत्याही तालुक्यात आढळावे असे एक चित्र प्रथम डोळ्यांसमोर आणावे. एक निवृत्त शिक्षक आहेत. वय साठीच्या पुढे. गावात मान आहे, घरी दोन घास सुखाचे आहेत. आरोग्य शिबिरात त्यांचा रक्तदाब 170 वर 100 निघतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या सुरू होतात. दोन महिन्यांत रक्तदाब खाली येतो. मग कोणी तरी सांगते, "गुरुजी, या गोळ्या म्हणजे लघवीच्या गोळ्या. त्यापेक्षा घेटुळीचा काढा घ्या, काकडी खा, नारळपाणी प्या. तेच काम निसर्ग फुकट करतो." गुरुजी गोळ्या बंद करतात. त्यांना काहीही त्रास होत नाही, डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. साहजिकच काढ्याचा गुण आला असे सर्वांना वाटते. आणि एके दिवशी पहाटे त्यांचा उजवा हात उचलत नाही व वाचा बंद होते.

या चित्रात सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या म्हणण्यात सत्याचा अंशही होता. वनस्पतिजन्य आहारात मूत्रल गुण आहे आणि तो रक्तदाबावर उपकारक ठरतो, हे आज शास्त्राला मान्य आहे. परंतु सत्याचा अंश हा पूर्ण सत्याच्या जागी बसविला, म्हणजे काय घडते याचे हे उदाहरण होय. म्हणूनच आहार नेमके काय करू शकतो, कशामुळे करू शकतो आणि कोठे थांबतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा मंडळींनी तर ते विशेषच समजून घ्यावयास हवे.

मूक व्याधी

रक्त रोहिण्यांतून वाहताना त्यांच्या भिंतींवर जो दाब देते तो रक्तदाब. हृदय आकुंचन पावताना तो सर्वांत अधिक असतो व प्रसरण पावताना सर्वांत कमी. म्हणून तो दोन आकड्यांत सांगतात. इंग्लंडमधील धर्मोपदेशक व निसर्गशास्त्रज्ञ स्टीफन हेल्स याने 1733 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घोडीच्या रोहिणीला काचेची नळी जोडून हा दाब मोजल्याचे वर्णन केले. नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले होते. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे सोपे उपकरण इटलीतील रिवा-रोची यांनी 1896 मध्ये दिले आणि रशियन शल्यचिकित्सक कोरोटकॉव्ह यांनी 1905 मध्ये नाडीचे आवाज ऐकून दोन्ही आकडे ओळखण्याची रीत दाखविली. आज प्रत्येक आरोग्य केंद्रात जी तपासणी होते तिचा हा वारसा आहे.

वारंवार मोजूनही वरचा आकडा 140 किंवा अधिक, अथवा खालचा 90 किंवा अधिक राहिला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. 2019-21 मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात 15 वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 24 टक्के व स्त्रियांपैकी सुमारे 21 टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब होता अथवा त्यासाठी त्या औषध घेत होत्या. म्हणजे ग्रामसभेला शंभर प्रौढ जमले तर त्यांत वीसहून अधिक जण या व्याधीचे असण्याचा संभव आहे. त्यांपैकी कित्येकांना त्याची वार्ताही नसते, कारण ही व्याधी बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. अर्धांगवायू, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा बिघाड हीच पुष्कळदा तिची पहिली ओळख ठरते.

मूत्रपिंडाचा हिशेब

रक्तदाबाचा विचार करताना हृदयाकडे सर्वांचे लक्ष जाते. मूत्रपिंडाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः दाबाचा दीर्घकालीन हिशेब मूत्रपिंडेच ठेवीत असतात. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातील जवळजवळ सर्व पुन्हा शोषून घेतला जातो आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर पडते. या गाळलेल्या द्रवातून दररोज दीड किलोच्या आसपास मीठ जात असते. तेही मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका परत घेतात व केवळ काही ग्रॅम मीठ बाहेर टाकतात. जेवढे खाल्ले तेवढे टाकावयाचे, असा हा ताळेबंद आहे.

हा ताळेबंद बिघडला की शरीरात मीठ साठते. मिठाबरोबर पाणी थांबते. पाणी थांबले की रक्ताचे आकारमान वाढते आणि रोहिण्यांवरील दाब चढतो. कालांतराने रोहिण्या स्वतःच आखडतात व चढलेला दाब कायम होतो. उच्च रक्तदाबाची कारणे अनेक आहेत. आनुवंशिकता, वाढते वय, स्थूलपणा, मद्यपान, व्यायामाचा अभाव ही त्यांतील प्रमुख होत. परंतु मीठ बाहेर टाकण्यातील ही अडचण त्यांच्या मुळाशी वारंवार आढळते.

येथेच "मूत्रल" या शब्दाविषयीचा एक मोठा गैरसमज दूर करावयास हवा. लघवी अधिक होणे आणि लघवीवाटे मीठ अधिक जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तांब्याभर पाणी प्याले की तासाभरात लघवी होते. पण त्यात मीठ अधिक जात नाही आणि रक्तदाबही उतरत नाही. चहा-कॉफीने लघवीला जावे लागते. उलट त्यांच्यातील कॅफिनमुळे रक्तदाब काही काळ थोडा चढतोही. कलिंगड आणि काकडी यांमुळे लघवी वाढते ती मुख्यतः त्यांच्यातील पाण्यामुळे. तेव्हा लघवी किती वेळा झाली यावरून औषधाची अथवा आहाराची परीक्षा करणे चुकीचे होय. सोडियम किती बाहेर पडले, ही खरी कसोटी आहे.

प्राचीन ज्ञान आणि नवीन शोध

वनस्पतींच्या मूत्रल गुणाचे ज्ञान आपल्याकडे नवीन नाही. चरकसंहितेत मूत्रविरेचनीय द्रव्यांचा दहा वनस्पतींचा एक गणच सांगितला आहे. त्यात गोखरू, पाषाणभेद, दर्भ, कुश, काश यांचा समावेश होतो. सूज आणि मूत्रविकार यांवर पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. मात्र प्राचीन वैद्यांपाशी रक्तदाब मोजण्याचे साधन नव्हते. त्यांनी जी लक्षणे पाहिली ती सूज, मूत्रावरोध, धाप यांची होती. एखादी वनस्पती सुजेवर उपयोगी पडली म्हणून ती उच्च रक्तदाबावरही तितकीच उपयोगी पडेल, असे अनुमान काढता येत नाही.

या संदर्भात इंग्लंडमधील एक हकीगत उद्बोधक आहे. विल्यम विदरिंग या वैद्याला 1775 च्या सुमारास एका वृद्ध स्त्रीचा घरगुती पाठ कळला. जलोदरासारख्या सुजेवर ती वीसहून अधिक वनस्पतींचे मिश्रण देई व रोग्यांना भरपूर लघवी होऊन सूज उतरे. त्यातील गुणकारी वनस्पती डिजिटॅलिस होय, हे विदरिंगने ओळखले व दहा वर्षे रोग्यांवर काळजीपूर्वक निरीक्षणे करून 1785 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे असे दिसून आले की ही वनस्पती मूत्रपिंडावर नव्हे, तर दुर्बल हृदयावर काम करते. हृदय सुधारले म्हणून लघवी होत असे. शिवाय औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर अगदी थोडे होते. वनस्पतीत सामर्थ्य आहे, पण ते सामर्थ्य मोजमापाशिवाय वापरणे धोक्याचे आहे, हा बोध दोन शतकांनंतरही शिळा झालेला नाही.

भारतीय वनस्पतीचे उदाहरण घ्यावयाचे तर सर्पगंधेचे घ्यावे लागेल. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधेचा प्रयोग करून 1949 मध्ये त्याचे निष्कर्ष एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि सर्व जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. 1952 मध्ये तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. डॉ. वकील यांना 1957 मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले. सर्पगंधा मूत्रल नाही. ती मज्जातंतूंच्या मार्गाने दाब उतरविते. मात्र अधिक मात्रेत तिने मनाला खिन्नता येते, हेही अनुभवाने कळले. मोजून, तपासून, दोषांसह नोंदवून ज्ञान कसे पुढे जाते, याचा हा महाराष्ट्रातील आदर्श होय.

औषधे नसताना

आज गोळ्या सहज मिळतात म्हणून त्यांचे मोल वाटत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300 वर 190 इतका नोंदला गेला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान राष्ट्राच्या प्रमुखालाही देण्यासारखे गुणकारी औषध त्या काळी वैद्यांजवळ नव्हते.

त्याच काळात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर हे डॉक्टर असाध्य समजल्या जाणाऱ्या रोग्यांना केवळ भात, फळे, फळांचा रस व साखर यांवर ठेवीत होते. 1939 मध्ये त्यांनी हा उपक्रम सुरू केला. त्या आहारात मीठ जवळजवळ नव्हतेच. कित्येक रोग्यांचा दाब उतरला, वाढलेले हृदय लहान झाले व डोळ्यांतील रक्तस्राव थांबला. आहार हा स्वतःच मूत्रल औषधाचे काम करू शकतो, याचा तो ठळक पुरावा होता. परंतु तो आहार इतका बेचव व कठोर होता की रुग्णालयाबाहेर तो पाळणे फार थोड्यांना जमले. 1958 मध्ये क्लोरोथायझाइड ही तोंडावाटे घ्यावयाची मूत्रल गोळी बाजारात आली आणि भात-फळांचा आहार मागे पडला. थायझाइड वर्गातील मूत्रल औषधे रक्तदाबाच्या उपचारात आजही महत्त्वाचे स्थान राखून आहेत.

पोटॅशियमची किमया

फळे, भाज्या व डाळी यांत असे काय आहे की ज्याने मीठ बाहेर पडावे? याचे मुख्य उत्तर पोटॅशियम हे आहे. सोडियम व पोटॅशियम हे दोन्ही क्षार शरीराला आवश्यक आहेत. परंतु त्यांचे वागणे परस्परविरोधी आहे.

मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकेच्या उत्तरार्धात मीठ परत घेणारे एक प्रथिनाचे द्वार असते. थायझाइड गोळी हेच द्वार बंद करते. त्यामुळे मीठ परत न जाता मूत्रावाटे निघून जाते. अलीकडील संशोधनाने असे दाखविले आहे की आहारातून पुरेसे पोटॅशियम मिळाले म्हणजे शरीर आपण होऊन हे द्वार आखडते घेते. उलट पोटॅशियम कमी पडले की ते द्वार अधिक उघडते व आहारात मीठ भरपूर असले तरी मूत्रपिंड ते साठवून ठेवते. म्हणजे भाजीपाल्याचे सामर्थ्य काही गूढ नाही. गोळी ज्या द्वारावर काम करते त्याच द्वारावर, पण अधिक सौम्यपणे, ते काम करते. कमी मीठ आणि अधिक भाजी-डाळ या दोन गोष्टी एकत्र का सांगितल्या जातात, याचा उलगडाही येथे होतो.

या तत्त्वाची कसोटी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात लागली. 459 प्रौढांना आठ आठवडे तयार अन्न पुरविण्यात आले. मिठाचे प्रमाण सर्वांना सारखेच होते. ज्यांना फळे, भाज्या, कमी स्निग्ध दूध, कडधान्ये व कवचफळे यांनी युक्त आहार मिळाला, त्यांचा वरचा दाब नेहमीच्या आहारापेक्षा सरासरी 5.5 अंकांनी अधिक उतरला. ज्यांना मुळातच उच्च रक्तदाब होता त्यांच्यात ही घट 11.4 अंकांची होती. एखाद्या सौम्य औषधाच्या तोडीचा हा परिणाम आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील प्रयोगात या आहाराबरोबर मीठही कमी केले असता दाब आणखी उतरल्याचे दिसले.

आकड्यांचा अर्थ नीट लावावा. 150 चा दाब 139 वर आला तर ती मोठी गोष्ट आहे. पण 180 चा दाब केवळ आहाराने 130 वर येण्याची अपेक्षा करणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

आपल्या स्वयंपाकघरातील साधने

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे व किमान 3,510 मिलिग्रॅम पोटॅशियम आहारातून घ्यावे. हे साधण्यासाठी परदेशी फळे अथवा महागडी चूर्णे यांची जरुरी नाही. शंभर ग्रॅममागे पोटॅशियमचे अंदाजे प्रमाण पाहावे: तुरीची डाळ 1,300 मिलिग्रॅम, मूग 1,200, पालक 550, घोळ 490, शेवग्याच्या शेंगा 460, पेरू 400, बटाटा 400, केळे 350, टोमॅटो 240, काकडी 150, कलिंगड 110. यात डाळीचे आकडे कोरड्या डाळीचे आहेत.

मूत्रल म्हणून ज्यांची ख्याती आहे ती काकडी व कलिंगड या यादीत शेवटी आहेत आणि ज्या तुरीच्या वरणाकडे कोणी औषध म्हणून पाहत नाही ते सर्वांत वर आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता एका दिवसाचा हिशेब मांडून पाहू. 50 ग्रॅम डाळीचे वरण सुमारे 650 मिलिग्रॅम. 40 ग्रॅम मुगाची उसळ 450. एक वाटी पालेभाजी 500. ज्वारीच्या 200 ग्रॅम पिठाच्या भाकरी 650. एक केळे 350. एक पेरू 400. टोमॅटो-काकडीची कोशिंबीर 200. एक मोठा पेला दूध 300. बेरीज साडेतीन हजार होते. हे कोणत्याही सामान्य कुटुंबाचे जेवण आहे. फरक इतकाच की पुष्कळ घरांत भाकरी-भात पोटभर असतो, पण वरण पातळ, भाजी चमचाभर आणि फळ सणासुदीला, अशी स्थिती असते.

स्वयंपाकाची रीतही महत्त्वाची आहे. पोटॅशियम पाण्यात विरघळते. भाजी उकडून पाणी फेकून दिले की त्यातील मोठा भाग वाया जातो. पुरणाची डाळ शिजवून उरलेल्या कटाची आमटी करण्याची आपली जुनी पद्धत या दृष्टीने शहाणपणाची आहे. मेथी, तांदुळजा, चाकवत, घोळ यांसारख्या भाज्या चिरण्यापूर्वी धुवाव्या व थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, आपल्याच रसात शिजवाव्या.

विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी करतात. लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत व चटणीही होते. या बोंडांच्या काढ्याची परीक्षा अमेरिकेत झाली आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 65 व्यक्तींपैकी निम्म्यांना सहा आठवडे रोज तीन पेले हा काढा देण्यात आला. त्यांचा वरचा दाब सरासरी 7.2 अंकांनी उतरला. दुसऱ्या गटाचा 1.3 अंकांनी. प्रयोग लहान आहे, तरी आशादायक आहे. मात्र त्या काढ्यात साखर नव्हती व मीठही नव्हते. साखरेच्या पाकातील सरबत किंवा मिठाने भरलेली चटणी यांस तो निष्कर्ष लागू पडत नाही.

मिठाची पिशवी

मीठ कमी न करता मूत्रल पदार्थ खाणे म्हणजे रांजणाला भोक पाडून वरून पाणी ओतत राहणे होय. घरातील मीठ मोजण्याची एक सोपी रीत आहे. पाच माणसांच्या कुटुंबाने दरडोई 5 ग्रॅम या हिशेबाने महिन्याला 750 ग्रॅम मीठ वापरावे. आणि त्यातही लोणचे, पापड, फरसाण व बाहेरचे पदार्थ यांतून येणारे मीठ धरलेले असावे. एक किलोची पिशवी किती दिवसांत संपते, ती तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवली की प्रत्येक गृहिणीला आपल्या घराचा अंदाज येईल.

सोडियमच्या वाटा अनेक आहेत. पापडखार व खाण्याचा सोडा यांत सोडियम असते. आम्लपित्तावर घ्यावयाच्या फेसाळणाऱ्या चूर्णांतही ते असते. किनारपट्टीवर सुकी मासळी हा मिठाचा मोठा स्रोत आहे. उपासाचे म्हणून सैंधव चालते, असे समजतात. परंतु सैंधव व काळे मीठ हीदेखील मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच होत. रक्तदाबाच्या दृष्टीने त्यांत व साध्या मिठात विशेष भेद नाही. उलट आयोडीनला मात्र मुकावे लागते.

मिठातील सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम घालण्याचा प्रयोगही झाला आहे. चीनमधील 600 खेड्यांत सुमारे 21,000 व्यक्तींवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत तीन भाग साधे व एक भाग पोटॅशियमयुक्त असे मिठाचे मिश्रण देण्यात आले, तेथे अर्धांगवायूचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना या प्रयोगातून मुद्दाम वगळले होते. त्याचे कारण आता पाहू.

कोणी जपावे?

पोटॅशियम बाहेर टाकण्याचे कामही मूत्रपिंडच करते. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की ते रक्तात साठते आणि प्रमाणाबाहेर साठल्यास हृदयाची गती एकाएकी बंद पडू शकते. अशा रोग्यास नारळपाणी, केळी, डाळींचे पाणी, पोटॅशियमयुक्त मीठ हे अमृत नसून संकट आहे. निरोग्याने भाजीचे पाणी फेकू नये. पण या रोग्याला डॉक्टर भाजी उकडून पाणी मुद्दाम फेकण्यास सांगतात. पदार्थ तोच, माणूस भिन्न, म्हणून सल्लाही भिन्न. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांनी मूत्रपिंडाची तपासणी केल्याशिवाय आहारात असा बदल करू नये.

रक्तदाबाच्या औषधांतही भेद आहेत. थायझाइड गोळीने पोटॅशियम शरीराबाहेर जाते. अशा रोग्याला डाळ व फळे पूरक ठरतात. परंतु ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" येते ती, तसेच स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम धरून ठेवतात. ही औषधे घेणाऱ्यांनी जेवणातील साध्या भाजी-फळाला भिण्याचे कारण नाही. पण पोटॅशियमयुक्त मीठ किंवा रोजचे अनेक पेले नारळपाणी डॉक्टरांना विचारल्याविना सुरू करू नये.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, ही समजूतही सोडावयास हवी. खोकल्यावर सर्रास चघळले जाणारे ज्येष्ठमध अधिक प्रमाणात व दीर्घकाळ घेतल्यास शरीरात सोडियम साठविते, पोटॅशियम घालविते आणि रक्तदाब वाढविते. कमरख हे पाच धारांचे आंबट फळ निरोग्याला चालते. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याच्या मेंदूवर त्याचा विषारी परिणाम होतो. गोखरू, घेटुळी यांचे काढे घ्यावयाचेच असतील तर ते जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली, चालू औषधांची माहिती देऊन व रक्तदाब मोजत राहून घ्यावे. त्यांच्या भरवशावर गोळी बंद करणे मात्र कदापि योग्य नाही. आहाराने दाब खरोखरच उतरला, तर गोळीची मात्रा डॉक्टर स्वतः कमी करतील. तो निर्णय तपासणीच्या आकड्यावर व्हावा, ऐकीव गोष्टीवर नव्हे.

पंचायत व शाळा यांचे कार्य

हा विषय केवळ दवाखान्याचा नाही. भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा विशेष उपक्रम 2017 मध्ये ज्या राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. आरोग्य उपकेंद्रांत तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी होते. परंतु गावाने साथ दिल्याशिवाय कोणताही कार्यक्रम घरापर्यंत पोहोचत नाही.

ग्रामपंचायतीने वर्षातून दोन ग्रामसभांच्या दिवशी रक्तदाब तपासणीची व्यवस्था आरोग्य कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने करावी. तपासणीपूर्वी पाच मिनिटे शांत बसणे, त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू न घेणे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवणे आणि दोनदा मोजणे, एवढी पथ्ये पाळल्यास आकडा विश्वसनीय येतो. गावठाणाच्या रिकाम्या जागेत व पाणवठ्याच्या सांडपाण्यावर शेवगा, पेरू, केळी, पपई यांची लागवड करता येते. शाळेच्या परसबागेत राजगिरा, तांदुळजा, अंबाडी यांचे वाफे सहज होतात. मुलांनी स्वतः लावलेली भाजी मुले आवडीने खातात, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

गणिताच्या तासाला मिठाच्या पिशवीचा हिशेब घरून करून आणावयास सांगितला, तर तो धडा घरातील आजी-आजोबांपर्यंत पोहोचेल. सार्वजनिक पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला मीठ वाढण्याची प्रथा आहे. ती एकाएकी मोडावी असे नाही. पण मीठ मागणाऱ्यालाच वाढले, तरी पुष्कळ साधेल. ग्रामपंचायतीच्या बैठकीत चहाबरोबर फरसाणाऐवजी उकडलेल्या शेंगा, पेरूच्या फोडी किंवा भिजविलेले हरभरे ठेवण्यास वेगळ्या ठरावाचीही आवश्यकता नाही.

सर्वांत मोठे कार्य मात्र शब्दाचे आहे. आरंभी ज्या गुरुजींचे चित्र पाहिले, त्यांना काकडी खाण्याचा सल्ला चुकीचा नव्हता. "गोळी सोडा" हे दोन शब्द चुकीचे होते. त्याऐवजी कोणी असे सांगितले असते की, गुरुजी, गोळी नियमाने घ्या, वरण दाट करा, लोणच्याची फोड कमी करा, अंबाडीची भाजी खा आणि महिन्याने दाब मोजून या, तर पुढील प्रसंग कदाचित टळला असता. आहार आणि औषध ही परस्परांची प्रतिस्पर्धी नव्हेत; एकाच गाड्याची ती दोन चाके आहेत. गावातील जाणत्या मंडळींनी एवढे जरी आपल्या शेजाऱ्याला पटवून दिले, तरी कित्येक घरांतील कर्त्या माणसाचा हात अवेळी लुळा पडणार नाही.